हाजिरीचं हळदीकुंकू

“ताई, डेव्हलपरला काही विकायला जाऊ नकोस,” कुणालने कादंबरीला अगदी सुरुवातीलाच बजावलं होतं. “डेव्हलपर म्हणजे लग्नाच्या वयाचा मुलगा. पत्रिका काढलीस की मागच्या दाराने पसार. वस्तू समोर ठेव, ती वापरायची कशी ते नीट लिहून ठेव आणि बाजूला हो. आग्रह चालत नाही यार तिथे.”

कुणाल तिचा मावसभाऊ. मूळचा अकोल्याचा, आता चंडीगडच्या आयटी पार्कात प्रोग्राम लिहितो आणि रविवारी हवाई दलाच्या वसाहतीत कादंबरीकडे जेवायला येतो. म्हणजे बोलणारा माणूस स्वतःच डेव्हलपर होता, जाणता होता. अडचण एवढीच की हे बोलताना त्याच्या ताटात तिसरी पुरणपोळी होती. पहिलीनंतर तो ‘पुरे’ म्हणाला होता. दुसरीनंतर त्याने ताटावर दोन्ही हात आडवे धरले होते. कादंबरीने त्या हातांच्या फटीतून तिसरी सोडली, आणि आता तो ती तुपात बुडवून खात होता. आग्रह चालत नाही असं सांगणारा माणूसच आग्रहाचा पुरावा चावत बसलेला असेल, तर त्याचा इशारा कोण मनावर घेईल? कादंबरीने तरी घेतला नाही.

तिला ही मार्केटिंगची नोकरी टिकवायची होती. का, ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचा सगळा प्रकार निव्वळ खुळेपणा वाटेल. हवाई दलातल्या अधिकाऱ्याच्या बायकोची नोकरी भाड्याच्या फ्रिजसारखी असते. पोस्टिंग आलं की परत करायची. जोधपूरला ती एका शाळेत रुजू झाली आणि खिडक्यांचे पडदे शिवून यायच्या आत नवऱ्याची, नरेशची बदली झाली. तेजपूरला तर टेबलखुर्ची मिळायच्या आधीच निरोप समारंभ झाला. जसकिरतने मात्र मुलाखतीतच सांगितलं होतं, “काम जम गया तो फिर साहब की पोस्टिंग कहीं भी हो, कादंबरी जी. लॅपटॉप खोलो, वहीं दफ्तर.” जम गया तो. त्या ‘तो’वर कादंबरीचा जीव टांगला होता.

जसकिरत कंपनीचा मालक. उंच, मृदू, फोनची घंटा वाजली तरी दचकणारा सरदार. त्याने बनवलेल्या वस्तूचं नाव ‘हाजिरी’. कंप्युटर माणसांच्या नकळत बरीच घरकामं उरकत असतात: जुन्या माहितीची प्रत काढून ठेवायची, बिलं पाठवायची, हिशेब जुळवायचे. एखाद्या दिवशी कंप्युटर हे न करता गप्प बसला तर कुणाला पत्ता लागत नाही, आणि लागतो तेव्हा गावभर बोभाटा झालेला असतो. हाजिरीत कंप्युटरने काम संपवलं की ‘आलो सर’ म्हणायचं. ठरल्या वेळी आवाज आला नाही की हाजिरी थेट त्या कंप्युटरच्या मालकाला फोन लावते.

कादंबरीला ही कल्पना ऐकताक्षणी पटली, कारण तिच्या डोक्यात हीच यंत्रणा लेक अक्षरा जन्मल्यापासून चालू होती. पलीकडच्या खोलीत दंगा चालला असेल तर पोर सुखरूप आहे. दंगा थांबला की समजावं, कुणीतरी लिपस्टिक खातंय. साऱ्या जगाला या वस्तूची गरज आहे, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. जगाला ते सांगायचं एवढंच बाकी होतं.

तिने पहिला हल्ला फोनवरून केला. हाजिरी वापरून बघायला कुणी नाव नोंदवलं की त्याने फोन नंबर द्यायचाच, असं तिने जसकिरतकडून करवून घेतलं. नाव आलं रे आलं की ती फोन लावायची.

“नमस्ते जी, मैं हाजिरी से कादंबरी. आपने अभी साइन अप किया ना? कोई तकलीफ तो नहीं?”

पलीकडून मग भेदरलेला आवाज, “आपको मेरा नंबर किसने दिया?”

“आपने ही दिया जी.”

खट्कन फोन बंद. एकाने आपण मीटिंगमध्ये असल्याचं कुजबुजत सांगितलं, पण मागून “भैया, और तीखा” असं स्पष्ट ऐकू येत होतं. एकाने दिलेला नंबर अग्निशमन दलाचा निघाला. गंमत म्हणजे तिचं सगळं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा तोच एक माणूस. ऐकून झाल्यावर त्याने फक्त “ठीक है मॅडम, पर आग कहाँ लगी है” एवढं विचारलं.

दुसरा हल्ला गनिमी होता. डेव्हलपर लोक जिथे एकमेकांच्या चुका काढत बसतात अशा एका फोरमवर तिने खोट्या नावाने लिहिलं, ‘मी एक डेव्हलपर आहे. हाजिरीमुळे माझ्या आयुष्यात आनंदच आनंद आला. तुम्हीही अवश्य वापरा.’ खाली एक गुलाबाचं फूलही लावलं. पहिलं उत्तर लगेच आलं: ‘डेव्हलपर इतका आनंदी नसतो.’ त्या उत्तराला एवढे अंगठे मिळाले की हाजिरीचं नाव चंडीगडच्या सगळ्या ऑफिसांत पोचलं. जाहिरात झाली म्हणायची तर झाली. पाण्यात पडलेल्याला अंघोळ झाली म्हणतात, त्यातला प्रकार.

सल्ला द्यायला वसाहतीत माणसांची कमी नव्हती. नरेश म्हणाला, “रेकी न करता गेलीस. टार्गेट काय खातं, कुठे झोपतं, काही बघितलंस?” समोरच्या ग्रोव्हर आंटींनी सांगितलं की सेक्टर चौतीसमधले क्लासवाले करतात तसं ई-रिक्षावर भोंगा लावून आयटी पार्कभर फिरवायचं, दिवाळीत आमच्या पिंकीच्या बुटीकचं तसंच केलं होतं. कादंबरीने ही सूचना नम्रपणे बाजूला ठेवली, पण फेकून दिली नाही. दिवस तसेच होते. शेजारच्या विनया वहिनींचं मत सर्वांत छोटं होतं. त्या विंग कमांडरांच्या पत्नी, माहेर सांगली जिल्ह्यातलं विटा, आणि मुलूख कुठलाही असो, बोलायच्या विट्याचंच. “त्या पोरांना आधी खायला घाल की. उपाशी माणूस काय ऐकतोय?”

आणि चार वर्षांची अक्षरा, जी मराठी सगळं समजून घेते आणि उत्तर हिंदीतच देते, ती रोज संध्याकाळी दारातच विचारायची, “मम्मा, आज भी किसी ने फोन नहीं उठाया?”

शेवटी जसकिरतने तिला बोलावलं. वाईट बातमी सांगताना तो टेबलावरचा स्टेपलर उघडझाप करतो, हे तिला ठाऊक होतं. स्टेपलर जोरात चालला होता.

“बुरा मत मानना, कादंबरी जी. एक मीटअप रखते हैं. नीचे वाले हॉल में. डेव्हलपर आएँ, देखें, सवाल पूछें. हॉल भर गया तो आप पक्की.” खट. “नहीं तो गुरुग्राम की एक एजन्सी से बात चल रही है.” खट खट.

हॉल मिळवणं हाच एक स्वतंत्र अध्याय आहे. इमारतीच्या व्यवस्थापकांनी कळवलं की हॉल फक्त तांत्रिक कार्यक्रमाला मिळतो आणि कार्यक्रम तांत्रिक असल्याचं तांत्रिक व्यक्तीने लिहून द्यावं लागतं. जसकिरतने लिहून दिलं. मग कळलं, हॉलमध्ये ओला पदार्थ चालत नाही, कोरडा चालतो. दिवस संक्रांतीचे, म्हणून कादंबरीने खाण्याच्या रकान्यात तिळगूळ लिहिला होता. तिळगूळ ओला की कोरडा, यावर व्यवस्थापकांनी दोन सहकाऱ्यांना बोलावून चर्चा केली. गूळ मुळात पातळ असतो, असा एक मुद्दा निघाला. लोहरीला याच हॉलमध्ये रेवड्या वाटल्या गेल्या होत्या आणि गालिचा शाबूत राहिला होता, या दाखल्यावर अखेर तिळगूळ कोरडा ठरला. चहा ओला ठरला आणि जिन्याखाली गेला.

आता फक्त माणसं हवी होती. कादंबरीने निमंत्रणं धाडली. मेसच्या जेवणाचं निमंत्रण असतं तशी, अमुक वेळेच्या आत स्थानापन्न व्हावे वगैरे. ‘येणार’ आणि ‘येणार नाही’ अशी दोनच बटणं ठेवली होती. डेव्हलपरांनी तिसरा मार्ग शोधून काढला: काहीच न दाबणं.

“खुर्च्या किती हैत?” विनया वहिनींनी कुंपणावरून विचारलं.

“पन्नास.”

“आणि येणार कोण?”

“कुणाल,” कादंबरी म्हणाली.

विनया वहिनींनी पदर खोचला. वसाहतीतल्या लेडीज क्लबच्या इतिहासात रिकामी खुर्ची हा शब्दच नाही. भाषण मधुमेहावर असो की मशरूमच्या लागवडीवर, शब्द टाकला की हॉल भरतो, आणि टाळ्याही पडतात. “हॉलच भरायचाय न्हवं? मग बायका आणते की. माझं हळदीकुंकू तसं पण राहिलंय, रथसप्तमीच्या आत करायला पाहिजे. तिथंच उरकू. बायका मागं बसतील, तोंड उघडायच्या नाहीत.”

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे अख्खी बस येत होती. कादंबरी हो म्हणाली.

कार्यक्रमाच्या दुपारी ती बस आयटी पार्कात शिरली तेव्हा धुकं नुकतं निवळलं होतं, आणि तिच्यातून जरीकाठ, त्यावर स्वेटर आणि स्वेटरांवर शाली असा एक देखणा ताफा उतरला. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाकडे पासाचे दोन प्रकार होते: व्हेंडर आणि डेव्हलपर. व्हेंडरला माल दाखवावा लागतो. माल म्हणजे हळदीकुंकवाच्या कुयऱ्या आणि वाणाची पिशवी. ती उघडायला विनया वहिनींची तयारी नव्हती, वाण आधी दाखवत नाहीत. तेव्हा सगळ्या डेव्हलपर झाल्या. तशी पट्टी गळ्यात पडली.

“लॅपटॉप?” रक्षकाने विचारलं.

“नाही.”

“डेव्हलपर और लॅपटॉप नहीं?” त्याला खरोखर वाईट वाटलं असावं. त्याने प्रत्येकीकडून, लॅपटॉप आणलेला नाही आणि जाताना नेणारही नाही, असं लिहून घेतलं.

हॉल गच्च भरला. कादंबरीने दारातून तो पाहिला आणि कित्येक दिवसांनी तिला पोटभर श्वास घेता आला. तेवढ्यात जिन्यावरून हुड घातलेली, केस न विंचरलेली, पाठीवर बॅगा अडकवलेली पोरं येताना दिसली. एक नाही, दोन नाही, अख्खी झुंड. मागून कुणाल.

“हे कोण?” तिने विचारलं.

“डेव्हलपर. आणले ना मी,” कुणाल म्हणाला. “मार्केटिंगचं अवाक्षर काढलं नाही. एवढंच सांगितलं की फुकट तिळगूळ आहे आणि भाषण कंटाळवाणं झालं तर उठून जाता येईल.”

बसायला एकही खुर्ची नव्हती. खऱ्या डेव्हलपरांनी गळ्यात ‘डेव्हलपर’ लिहिलेल्या पन्नास काकूंकडे पाहिलं आणि ते निमूट भिंतीकडेने गालिच्यावर बसले. जसकिरत आत आला. भरलेला हॉल पाहून त्याचा चेहरा उजळला, मग समोरच्या रांगेतल्या नथी पाहून गोंधळला. पण माणूस सज्जन. त्याने बोलायला सुरुवात केली. सर्व्हर मध्येच कसा बंद पडतो, हे त्याने कळकळीने सांगितलं आणि वाक्य संपताच प्रचंड टाळ्या पडल्या. दुसऱ्या वाक्यालाही पडल्या. पाणी प्यायला थांबला तेव्हाही पडल्या.

“सवाल?” त्याने शेवटी विचारलं. गालिच्यावरची पोरं फोनमध्ये डोकं घालून बसली होती. डेव्हलपरला प्रश्न असतात, पण तो ते घरी जाऊन फोरमवर विचारतो.

विनया वहिनींचा हात वर गेला. तोंड न उघडण्याचा करार तिथेच संपला.

“मला सांगा भाऊ, कंप्युटरनं काम केलं, पण त्याचं नेटच गेलं तर? तो धडधाकट असून तुम्ही त्याच्या घरी फोन करून रडारड करणार का?”

कुणालने त्याचं हिंदी केलं तसं जसकिरतने खिशातून पेन काढलं. तिसऱ्या रांगेतून एकीने विचारलं, साहेब उड्डाणावर असतील आणि फोन वाजून वाजून थांबला तर पुढे कोणाला लागतो? आणखी एकीने विचारलं, रोज उगाच फोन यायला लागला की माणूस उचलेनासा होतो, मग खरंच काही झालं त्या दिवशी काय? गालिच्यावरची डोकी एकेक करून वर यायला लागली. विचारणाऱ्या सगळ्या बाया अशा होत्या की ज्यांनी नवरे आकाशात, पोरं हॉस्टेलात आणि आईवडील दूर गावी ठेवून वर्षानुवर्षं फोनकडे पाहत दिवस काढले होते. काय काय बिघडू शकतं, याची तालीम त्यांची रोजचीच.

आणि मग एक आवाज आला, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा.

“पर सर, ये हाजिरी खुद ही बंद पड़ गई, तो उसकी हाजिरी कौन लेगा?”

सगळे वळले. प्रश्न कादंबरीने विचारला होता. हीच शंका तिला पहिल्या दिवसापासून कुरतडत होती, पण मार्केटिंगच्या माणसाने आपल्याच मालाबद्दल असलं काही विचारायचं नसतं एवढं तिला कळत होतं, म्हणून इतके दिवस गिळली होती. आता आजूबाजूला सगळ्याच काळजीत पडलेल्या पाहून तिचा तोल सुटला. स्वतःच्याच कार्यक्रमात, स्वतःच्याच मालकाला, स्वतःच्या नोकरीचा निकाल लागायच्या दिवशी.

स्टेपलर जवळ नसल्यामुळे जसकिरत हातातल्या पेनाचं टोपण उघडझाप करत राहिला. मग हळूच म्हणाला, “पता नहीं जी. बंद पड़ी तो बंद पड़ी.”

कादंबरीच्या डोळ्यांपुढे गुरुग्रामची एजन्सी उभी राहिली. तेवढ्यात गालिच्यावरचा एक दाढीवाला उठला, फळ्यापाशी गेला आणि न विचारता खडू, म्हणजे ते मार्कर, हातात घेऊन दोन चौकोन काढू लागला. “दो हाजिरी रखो. एक दूसरी पे नजर रखेगी.” दुसरा म्हणाला, दोन्ही एकाच खोलीत ठेवल्या तर दोन्ही एकदम मरतील. विनया वहिनी म्हणाल्या, “जावा-जावा एका घरात ठेवू नयेत,” आणि कुणालने त्याचं भाषांतर केल्यावर दाढीवाल्याने खरोखर दुसरा चौकोन लांब नेला. पुढचा तासभर फळ्याभोवती हुड आणि शाली यांची अशी खिचडी झाली की जसकिरतलाच मागे उभं राहून टाचा उंचावून बघावं लागलं.

जाताना हळदीकुंकू झालं. वाण होतं चहाची गाळणी, चांगली स्टीलची. “वाण बायकांचंच असतंय,” विनया वहिनी म्हणाल्या, “पण ही पोरं घर सोडून आलीत. चहा कशातनं गाळत्यात कुणास ठाऊक.” त्यांनी प्रत्येक डेव्हलपरच्या हातात तिळगूळ आणि गाळणी ठेवली. कंपनीने हौसेने छापलेले स्टिकर बायकांनी नेले आणि साखरेच्या डब्यावर मिठाचा घोटाळा होऊ नये म्हणून लावले.

घरी आल्यावर कादंबरीने नरेशला सांगितलं, “संपलं. मी स्वतःच्याच विमानावर तोफ डागली.” नरेशने विचार करून, हवाई दलात याला काय म्हणतात ते सांगितलं, त्याचा काही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच फोरमवर दाढीवाल्याने लिहिलं: ‘काल एका मीटअपला गेलो. मार्केटिंगवाल्या बाईंनीच मालकाला कोंडीत पकडलं. मालक ‘माहीत नाही’ म्हणाला. आजवर कुठल्याही कंपनीकडून हे वाक्य ऐकलं नव्हतं. शिवाय गाळणी मिळाली, आणि ती चालते. आज हाजिरी लावून बघतोय.’ खाली लोकांनी विचारलं, अजून गाळण्या आहेत का? पण हाजिरी लावून बघितलीच. मग त्यांच्या ऑफिसातल्यांनी बघितली. नावं एवढी आली की कादंबरीला प्रत्येकाला फोन करणं अशक्य झालं, आणि जसकिरतने कधी नव्हे ते ठाम आवाजात नंबरची सक्ती काढून टाकली.

“आप बस वो लिखो,” तो म्हणाला, “क्या-क्या हो सकता है.”

ते लिहायला कादंबरीला कुणी शिकवायची गरज नव्हती. अक्षराला सांभाळायला येणाऱ्या बाईंसाठी ती रोज तेच लिहून जायची. ताप आला तर, दार आतून लागलं तर, ताप आला आणि दार आतून लागलं तर. हाजिरी वापरणाऱ्यांसाठीचं मदतपान तिने त्याच चालीत लिहिलं, आणि डेव्हलपर लोक ते आवडीने वाचायला लागले. एकाने तर कळवलं, तुमचं पान वाचून माझी झोप उडाली, धन्यवाद. नरेशच्या जोरहाटच्या बदलीचा हुकूम आला तेव्हा कादंबरीने पहिल्यांदा आपला लॅपटॉप बॅगेत भरला, मग भांडी.

पण हाजिरीतला सगळ्यात नामांकित सभासद कुणी कंप्युटर नाही. ते आहेत हरिभाऊ, विनया वहिनींचे वडील. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, विट्यात एकटे राहतात, मुलीकडे यायला तयार नाहीत. “विचारपूस करायला फोन केला की खेकसतात. मी काय मेलोय काय, म्हणतात,” विनया वहिनींचं गाऱ्हाणं. मीटअपच्या दिवशीच त्यांनी वडिलांचं नाव हाजिरीत घातलं. हरिभाऊंनी फोनवरचं एक बटण सकाळी दाबायचं, बस. खात्याची हजेरी समजून ते ती इमानाने लावू लागले. भाच्याच्या साखरपुड्याला जायचं होतं तेव्हा आदल्या दिवशी त्यांचा अर्ज आला: ‘मा. हाजिरी विभाग यांस, स. न. वि. वि. उद्या एक दिवसाची किरकोळ रजा मंजूर व्हावी.’ हाजिरीत रजेची सोयच नव्हती. दाढीवाल्याने आणि कुणालने मिळून ती केली, आणि आता मोठमोठ्या कंपन्या आपले सर्व्हर दुरुस्तीला काढताना तेच रजेचं बटण दाबतात. जसकिरत त्याला ‘किरकोळ’ म्हणतो, अगदी पंजाबी थाटात.

तर मुद्दा असा की आज हरिभाऊंनी बटण दाबलेलं नाही. रजेचा अर्जही नाही. फोन लागतो, पण उचलत नाहीत. नरेश म्हणतो, झोपले असतील. अक्षरा म्हणते, “मम्मा, नाना चाय पीने गए होंगे.” विनया वहिनी म्हणतात, रुसले असतील, काल मी औषधावरून बोलले. तिघांचंही बरोबर असेल. पण सामान बांधता बांधता कादंबरी सारखी फोनकडे बघतेय, आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणी विट्यात असेल तर त्यांना तिची एक विनंती आहे. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत निळ्या फाटकाचं घर आहे. जरा डोकावून या. मुलीने पाठवलं म्हणू नका, हाजिरीचं तर नावच काढू नका, आग्रह त्यांना बिलकूल चालत नाही. जाता जाता सहज आल्यासारखं करा, प्यायला पाणी मागा. फोन कुठे कोपऱ्यात पडलेला दिसला तर उचलून त्यांच्या समोर ठेवा, आणि बाजूला व्हा.